होनोलुलूच्या डॉक्टरीणबाई

हवाई बेटे आज अमेरिकेचे घटक राज्य आहेत. परंतु १८९३ पर्यंत तेथे स्वतंत्र राजसत्ता होती आणि १८९४ ते १८९८ या काळात अल्पजीवी प्रजासत्ताक. पॅसिफिक महासागरातील या चिमुकल्या देशात स्त्री-डॉक्टर आल्या त्या राजवटीतच. हिलो गावच्या मिशनरी डॉक्टरांची कन्या फ्रान्सिस वेटमोर यांनी १८८० च्या दशकात तेथे रुग्णसेवा सुरू केली. मात्र खरी कसोटी लागली ती १८९६ मध्ये चीनमधून आलेल्या डॉ. काँग ताई हेओंग यांची. (नावातील 'ताई' हा निव्वळ योगायोग.)

१८७५ मध्ये जन्मलेल्या या बेवारस मुलीला हाँगकाँगमधील जर्मन मिशनऱ्यांनी वाढविले. कँटनमध्ये त्या वैद्यक शिकल्या, सहाध्यायी ली खाई फाई यांच्याशी विवाहबद्ध झाल्या आणि दोघांनी होनोलुलू गाठले. उसाच्या मळ्यांवरील मजुरीसाठी आलेले हजारो चिनी तेथे स्थिरावले होते. परपुरुषाकडून तपासून घेण्यास संकोचणाऱ्या त्यांच्या स्त्रियांना आपली भाषा बोलणारी डॉक्टरीण प्रथमच लाभली.

१८९६ मध्ये मुंबईत आणि पुढे पुण्यात थैमान घालणारा प्लेग डिसेंबर १८९९ मध्ये होनोलुलूत पोहोचला. बेटे अमेरिकेत सामील झाली होती, तरी कारभार जुन्याच मंडळींकडे होता. आरोग्य मंडळाने बाधित घरे जाळण्याचा निर्णय घेतला. २० जानेवारी १९०० रोजी अशीच लावलेली आग वारा फिरल्याने काउमाकापिली चर्चच्या मनोऱ्यांना लागली आणि पाहता पाहता चायनाटाउनचा बहुतांश भाग भस्मसात झाला. हजारो चिनी, जपानी व हवाईयन रहिवासी बेघर होऊन विलगीकरण छावण्यांत गेले.

रँडच्या काळातील पुणे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना तेथील संताप समजावून सांगण्याची गरज नाही. ली दांपत्याची कोंडी अशी, की वैद्यकीयदृष्ट्या त्यांना हे उपाय पटत होते. आणि म्हणूनच स्वतःच्याच समाजाने त्यांना फितूर ठरविले. आपल्या माणसांच्या घरांना लागलेल्या आगीचा दोष त्यांच्याही माथी आला.

तरीही ताई हेओंग होनोलुलू सोडून गेल्या नाहीत. सुमारे अर्धशतक त्यांनी व्यवसाय केला. सहा हजारांहून अधिक बाळंतपणे त्यांच्या हातून झाली, असे सांगितले जाते. १९५१ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची कन्या ली लिंग-आय हिने १९७२ मध्ये आईवडिलांची कहाणी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली.