घरची मत्स्यटाकी : स्टँड, नळजोडणी आणि पाण्याविषयीचे गैरसमज

घरी मत्स्यटाकी मांडताना लक्ष साहजिकच मासे, पाणवनस्पती आणि सजावट यांच्याकडे जाते. परंतु टाकी सुरक्षित राहणार की नाही, हे मासे आणण्यापूर्वीच, म्हणजे स्टँडची चौकट, काचेचे सांधे आणि नळ्यांची जोडणी या तीन ठिकाणी ठरून गेलेले असते. ही कामे घरच्या घरी करणे अवघड नाही, खर्चही आटोक्यात राहतो आणि आपल्या खोलीला साजेशी मांडणी करता येते. तरीही या कामांविषयी काही चुकीच्या समजुती घट्ट रुजलेल्या दिसतात. त्यांपैकी बहुतेकांचे मूळ एकच आहे, ते म्हणजे मांडणी सुरळीत चालू आहे, एवढ्यावरूनच ती योग्य आहे असे मानले जाते. वस्तुतः वीज गेल्यावर, नळी तुंबल्यावर किंवा सांधा निसटल्यावर पाणी कुठे जाईल, या प्रश्नाचे उत्तर देता आले, तरच मांडणी योग्य म्हणता येते.

पुढील विवेचनात 120 सेंमी लांब, 45 सेंमी रुंद आणि 45 सेंमी उंच अशी, बोलीत चार फुटी म्हटली जाणारी टाकी उदाहरणादाखल घेतली आहे. तिच्याखाली स्टँडच्या कप्प्यात एक लहान टाकी आहे असे गृहीत धरले आहे. या खालच्या टाकीला संप म्हणतात; वरच्या टाकीतून सांडलेले पाणी तीत उतरते, तेथे गाळले जाते आणि पंपाच्या साहाय्याने पुन्हा वर चढवले जाते.

गैरसमज 1 : घरातील एखादे मजबूत टेबल किंवा टीव्हीचे कपाट टाकीचे वजन सहज पेलते.

वस्तुस्थिती : एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असल्याने वरील मापाच्या टाकीत काठोकाठ भरल्यास सुमारे 243 किलो पाणी मावते. 10 मिमी जाडीच्या काचेचे वजन दर चौरस मीटरला सुमारे 25 किलो भरते, म्हणजे काचेचेच 50 किलो होतात. त्यात वाळू, दगड, संपमधील पाणी आणि स्टँड यांची भर पडल्यावर एकूण भार चारशे किलोच्या आसपास जातो. टेबल किंवा कपाट हे अल्पकाळ पडणाऱ्या आणि हलवता येणाऱ्या वजनासाठी बनवलेले असते, तर टाकीचा भार वर्षानुवर्षे एकाच जागी राहतो आणि अशा अखंड भाराखाली लाकडी फळी हळूहळू बाक घेते. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ यांना सांडलेले पाणी लागताच ते फुगतात आणि त्यांची ताकद जाते. त्यामुळे स्टँडसाठी लोखंडी अँगल किंवा आयएस 710 या मानकाचे मरीन प्लायवुड वापरणे श्रेयस्कर ठरते.

जमिनीचा विचारही येथेच करावा लागतो. आयएस 875 या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात राहत्या खोल्यांसाठी दर चौरस मीटरला 2 किलोन्यूटन, म्हणजे अंदाजे 200 किलो भार धरून रचना करावी असे सांगितले आहे; पण हा भार खोलीभर पसरलेला मानलेला असतो, तर टाकीचा भार जेमतेम अर्ध्या चौरस मीटरवर एकवटतो. म्हणून टाकी स्लॅबच्या मध्यावर न ठेवता भिंतीलगत, शक्यतो तुळईच्या वर किंवा खांबाजवळ ठेवावी. बाहेर काढलेल्या बाल्कनीत ती ठेवूच नये आणि जुन्या वाड्यात किंवा चाळीत लाकडी तुळयांवर तक्तपोशी असेल, तर स्थापत्य अभियंत्याचा सल्ला घेतल्याशिवाय वरच्या मजल्यावर एवढी टाकी मांडू नये.

गैरसमज 2 : स्टँडचे लाकूड जितके जाड, तितका स्टँड सुरक्षित, थोडा उंचसखलपणा थर्माकोल भरून काढते.

वस्तुस्थिती : उभ्या पायांवर सरळ खाली येणारा भार साधारण जाडीचे लाकूडही पेलते, स्टँड निकामी होतो तो बहुधा दोन अन्य कारणांनी. पहिले कारण सांध्यांची रचना होय. वरची आडवी पट्टी पायांच्या कडेला केवळ स्क्रूने अडकवली, तर सारे वजन स्क्रूच्या दांड्यांवर लटकते; तीच पट्टी पायांच्या डोक्यावर टेकवली, तर वजन लाकडातून थेट जमिनीपर्यंत पोहोचते आणि स्क्रूचे काम केवळ तुकडे जागच्या जागी धरून ठेवण्यापुरते उरते. दुसरे कारण बाजूला कलण्याचे आहे. चार पाय आणि वरची चौकट एवढीच रचना धक्का लागल्यावर तिरकी होऊ शकते, म्हणून मागच्या आणि दोन्ही कडांच्या बाजूंना प्लायवुड ठोकावे किंवा तिरप्या पट्ट्या द्याव्यात.

काचेच्या दृष्टीने सर्वांत धोकादायक असतो तो पीळ, म्हणजे टाकीचा एक कोपरा अधांतरी राहून तळाची काच आणि सांधे मुरगळले जाणे. थर्माकोलची पातळ चादर वाळूचा एखादा कण किंवा पृष्ठभागाचा खरखरीतपणा सामावून घेते, परंतु वाकडा स्टँड ती सरळ करू शकत नाही. शिवाय खाली प्लास्टिकची चौकट असलेली टाकी त्या चौकटीवरच टेकणे अपेक्षित असल्याने तिच्या तळाखाली थर्माकोल घालू नये. पातळी तपासण्यासाठी गवंड्याची पाणसळ पुरेशी आहे. ती लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर धरून पाहावी, टाकी अर्धी भरल्यावर पुन्हा तपासावी आणि फरक दिसल्यास पाणी उपसून पाचर टाकीखाली न लावता स्टँडच्या पायांखाली लावावी.

गैरसमज 3 : टाकीत पाणी जितके जास्त, तितकी काच जाड लागते.

वस्तुस्थिती : पाण्याचा दाब त्याच्या एकूण प्रमाणावर अवलंबून नसून खोलीवर अवलंबून असतो, हे फ्लेमिश गणिती सायमन स्टेव्हिन याने 1586 मध्येच दाखवून दिले होते. समोरच्या काचेवरील एकूण रेटा पाण्याच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 120 सेंमी लांब काचेवर 45 सेंमी उंच पाण्याचा रेटा सुमारे 120 किलो वजनाइतका असतो. उंची 60 सेंमी केली, म्हणजे केवळ एकतृतीयांशाने वाढवली, की तोच रेटा 215 किलोंच्या पुढे जातो. याउलट टाकीची रुंदी 45 ऐवजी 60 सेंमी केल्यास पाणी वाढते, स्टँडवरील भारही वाढतो, पण समोरच्या काचेवरील रेटा बदलत नाही. म्हणून काचेची जाडी ठरवताना प्रथम उंची आणि मग आधार नसलेली लांबी पाहिली जाते. कमी उंचीची, रुंद टाकी काचेला सोपी जाते आणि तिचा पृष्ठभाग मोठा असल्याने प्राणवायूही पाण्यात अधिक विरघळतो.

गैरसमज 4 : कोणतेही सिलिकॉन चालते आणि गळती दिसली, की त्यावर आणखी एक थर दिला म्हणजे झाले.

वस्तुस्थिती : स्नानगृहासाठी विकल्या जाणाऱ्या अनेक सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक मिसळलेले असते आणि ते पाण्यात उतरून माशांना घातक ठरते. मत्स्यटाकीसाठी असे कोणतेही मिश्रण नसलेले सिलिकॉनच घ्यावे. वाळताना त्याला शिरक्यासारखा आंबट वास येतो, मात्र केवळ वासावर विसंबून न राहता वेष्टनावरील मजकूर वाचावा. हे सिलिकॉन हवेतील बाष्प शोषून बाहेरून आत कडक होते, त्यामुळे वरचा पापुद्रा तासाभरात सुकला तरी आतला भाग ओलाच असू शकतो. जाड सांध्याला काही दिवस द्यावे लागतात. ताजे सिलिकॉन जुन्या सिलिकॉनला नीट चिकटत नाही. म्हणून गळणाऱ्या सांध्यावर लेप न देता जुना थर ब्लेडने पूर्ण काढून, काच स्पिरिटने पुसून आणि सुकवून नवा सांधा भरावा लागतो.

गैरसमज 5 : घरच्या नळाला चालते ते सर्व सामान टाकीलाही चालते.

वस्तुस्थिती : पितळी तोटीतून तांबे आणि जीआय पाइपातून जस्त सूक्ष्म प्रमाणात पाण्यात उतरत राहते. घरच्या नळातले पाणी वापरून वाहून जाते, टाकीतले पाणी मात्र त्याच तोटीतून पुन्हा पुन्हा फिरते; कोळंबी आणि गोगलगायी यांना तर तांब्याचा अल्प अंशही मारक असतो. यासाठी पीव्हीसी किंवा यूपीव्हीसी पाइप, प्लास्टिकचा बॉल व्हॉल्व्ह आणि प्लास्टिकचा टँक कनेक्टर वापरावा. पीव्हीसी जोडण्याचे सोल्युशन विषारी असते ही भीती अर्धवट खरी आहे. ते पाइपाचा पृष्ठभाग विरघळवून दोन तुकडे एकजीव करते आणि त्यातील द्रावक उडून गेल्यावर, म्हणजे दिवसभर सुकवून पाण्याने धुतल्यावर, तो सांधा निर्धोक होतो. असा सांधा पुन्हा उघडत नसल्याने पंपाजवळ आणि प्रत्येक व्हॉल्व्हच्या शेजारी युनियन, म्हणजे आट्यांनी उघडता येणारा जोड, बसवणे हिताचे असते.

खाली येणारी नळी जोडण्यासाठी टाकीच्या काचेला छिद्र पाडण्यापूर्वी ती टफन्ड, म्हणजे उष्णतेची प्रक्रिया करून कठीण केलेली, नाही याची खात्री करावी. तशी काच छिद्र पाडताना तुकडे तुकडे होऊन फुटते. साध्या काचेला हिऱ्याच्या कणांचे होल सॉ लावून, वरून पाणी सोडत आणि जोर न देता छिद्र पाडता येते. टँक कनेक्टरचे रबरी वॉशर पाण्याच्या बाजूला बसवून नट हाताने आवळावा. पान्याने जोर दिल्यास काच तडकू शकते.

गैरसमज 6 : पंपावर लिहिलेले लिटर तेवढेच्या तेवढे वर पोहोचतात.

वस्तुस्थिती : पंपावरील आकडा पाणी मुळीच वर चढवायचे नसताना मिळणारा प्रवाह दाखवतो. त्याशेजारी हेड, म्हणजे पंप पाणी जास्तीत जास्त किती उंच चढवू शकतो, हेही लिहिलेले असते आणि त्या उंचीवर प्रवाह शून्य होतो. 3 मीटर हेडच्या पंपाने दीड मीटर उंच पाणी चढवायचे असेल, तर लिहिलेल्या प्रवाहाच्या निम्म्याच्या आसपासच प्रवाह धरावा. एल्बो आणि अरुंद नळी यांमुळे तो आणखी घटतो. प्रवाह कमी करायचा असल्यास व्हॉल्व्ह पंपाच्या बाहेर जाणाऱ्या बाजूला बसवावा, कारण आत येणारे पाणी रोखल्यास पंपाला पुरेसे पाणी मिळत नाही आणि तो खराब होऊ शकतो.

गैरसमज 7 : वीज गेल्यावर पाणी उलटे येऊ नये म्हणून नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला, की काळजी मिटली.

वस्तुस्थिती : पंप थांबताच, वर जाणाऱ्या नळीचे तोंड पाण्यात बुडालेले असेल, तर तीच नळी सायफन बनते आणि तोंड उघडे पडेपर्यंत वरचे पाणी खाली ओढते. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हे पाणी अडवण्यासाठीच असतो, परंतु त्याच्या झडपेत शेवाळाचा धागा किंवा गोगलगायीचे कवच अडकले, की तो पूर्ण मिटत नाही. येथे उपयोगी पडते ते साधे गणित. उदाहरणातील टाकीची पातळी 1 सेंमी उतरली, तर 5.4 लिटर पाणी खाली येते. नळीचे तोंड 10 सेंमी खोल असेल, तर 54 लिटर येतील, ते 2 सेंमी खोल असेल, तर सुमारे 11 लिटर. 60 बाय 35 सेंमी तळाच्या संपमध्ये 11 लिटरने पातळी 5 सेंमी चढते, 54 लिटरने मात्र 25 सेंमीहून अधिक, म्हणजे बहुधा काठाबाहेर. म्हणून नळीचे तोंड पृष्ठभागाच्या जवळ ठेवावे आणि संपमध्ये तेवढी जागा कायम रिकामी राखावी. व्हॉल्व्ह बसवायचा तर तो या दोहोंना जोड म्हणून.

उलट दिशेचा धोका अधिक दुर्लक्षित राहतो. खाली येणारी नळी तुंबली आणि पंप चालू राहिला, तर वरची टाकी भरून वाहते. संपमधील पंपाच्या कप्प्यात 15 लिटर पाणी असेल, तर वरच्या टाकीत काठापाशी किमान 3 सेंमी जागा मोकळी हवी, म्हणजे पंप सारे पाणी उपसूनही ते बाहेर सांडणार नाही. याशिवाय थोड्या अधिक उंचीवर तोंड असलेली, व्हॉल्व्ह नसलेली आणि एरवी कोरडी राहणारी दुसरी नळी ठेवावी. छिद्र न पाडता काठावरून अडकवलेल्या सायफनवर सर्वस्वी विसंबणे योग्य नाही, कारण त्यात हवा साचली, की पाणी खाली येणे थांबते.

गैरसमज 8 : एमसीबी बसवलेला असल्याने विजेचा धोका नाही.

वस्तुस्थिती : एमसीबी तारांना अतिप्रवाहापासून वाचवतो, माणसाच्या शरीरातून जाणारा प्राणघातक प्रवाह त्याच्या मर्यादेपेक्षा फारच कमी असतो. त्यासाठी 30 मिलीअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे विद्युतप्रवाहाची गळती होताच वीज तोडणारा स्विच, आवश्यक आहे. प्रत्येक वायर सॉकेटच्या पातळीखाली वळसा घेऊन मग वर न्यावी, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी सॉकेटमध्ये न जाता खालीच ठिबकते.

गैरसमज 9 : पाणी नितळ दिसले, की टाकी माशांसाठी तयार झाली.

वस्तुस्थिती : माशांच्या उत्सर्गातून अमोनिया तयार होतो. काही जीवाणू त्याचे नायट्राइटमध्ये आणि इतर काही नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. पहिले दोन पदार्थ अत्यंत विषारी, तर तिसरा तुलनेने सौम्य असतो. हे जीवाणू पाण्यात तरंगत नसून मुख्यतः गाळणीतील स्पंज, दगड आणि वाळू यांच्या पृष्ठभागावर वस्ती करतात आणि ती वस्ती पुरेशी वाढण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. त्यामुळे सर्व पाणी बदलून गाळणी नळाखाली खळखळून धुणे ही स्वच्छता माशांच्या जिवावर उठते. नळाच्या पाण्यातील क्लोरीन त्या जीवाणूंनाही मारतो. पाणी अंशतः बदलावे, नवे पाणी क्लोरीनमुक्त करून घालावे आणि स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळावा. या जीवाणूंनाही प्राणवायू लागत असल्याने वारंवार आणि दीर्घकाळ वीज जाणाऱ्या गावात बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हा आवश्यक भाग मानावा.

जीवाणूंची वाढ होण्याच्या या आठवड्यांत मांडणीचीही परीक्षा घेता येते. टाकी भरून, मासे न सोडता, भर दिवसा आणि समोर उभे राहून प्रथम पंपाचे बटण बंद करावे आणि संप कुठपर्यंत भरतो त्यावर खूण करावी. नंतर पंप चालू ठेवून खाली येणारी मुख्य नळी मुद्दाम बंद करावी आणि दुसरी नळी पाणी घेते की नाही ते पाहावे. शेवटी तीही बंद करून पंपाचा कप्पा रिता होईपर्यंत वरचे पाणी काठाच्या आत राहते का, हे तपासावे आणि कप्पा रिता होताच पंप बंद करावा. पाणसळीने पातळी पुन्हा मोजावी आणि सांध्यांखाली कोरडा कागद ठेवून रात्रभर गळती पाहावी. या चाचण्यांत दोष आढळला, तर तो दुरुस्त करण्यास पान्याची आणि एखाद्या दिवसाची गरज असते. तोच दोष मासे सोडल्यावर, घरी कोणी नसताना उघड झाला, तर त्याची किंमत माशांना आणि शेजाऱ्यांच्या छतालाही मोजावी लागते. म्हणून घरच्या मत्स्यटाकीत मासे सोडण्याचा दिवस या चाचण्या पार पडल्यावरच ठरवावा.