एरियलचे तोंड कुणीकडे?

नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणारी एस. टी. मार्गासनीला थांबली, की राजगडची मंडळी उतरून साखर-गुंजवण्याची वाट धरतात. त्यांची नजर गडाकडे. घरांच्या छपरांकडे कोण पाहणार? पण ती छपरेही पाहण्याजोगी आहेत. मुंबईचे दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यातून ते पुणे भागात दिसू लागले. त्यानंतर कितीतरी वर्षे या खोऱ्यातल्या कौलांवर ॲल्युमिनियमच्या काड्यांचे एरियल उभे असे, उत्तरेला सिंहगडाकडे तोंड करून. घरचा कर्ता कौलांवर, पोर अंगणात आणि आजी संचासमोर.

“आलं का?”

“मुंग्या दिसतात!”

“आता?”

“आलं, आलं! अगं बाई, गेलं!”

वीतभर फिरवले तर चित्र जावे, असे त्या काड्यांत होते तरी काय?

दिवाळीची पणती घ्या. तिचा उजेड चोहीकडे सारखा पसरतो. तिच्यामागे घासलेले पितळी ताट धरा. समोरचे अंगण उजळते आणि मागची भिंत काळोखात जाते. तेल तेवढेच, वातही तीच. दिशा धरणाऱ्या एरियलचे सारे मर्म एवढेच. ते शक्ती निर्माण करीत नाही. इतर दिशांची शक्ती काढून एका दिशेला देते. आणि लहरी पाठवताना जे खरे, तेच त्या घेतानाही खरे.

काड्यांचे हे एरियल जपानचे. सेंदाई येथील विद्यापीठात हिदेत्सुगु यागी आणि त्यांचे सहकारी शिंतारो उदा यांनी १९२६ साली ते जगापुढे मांडले. संचाची तार जोडलेली असते ती एकाच काडीला, आणि तिची लांबी लहरीच्या जवळजवळ निम्मी. सेकंदाला वीस कोटी कंपने असलेली लहर दीड मीटरची. म्हणजे काडी सुमारे पाऊण मीटरची. तिच्यामागे थोडी लांब काडी, पुढे थोड्या आखूड काड्या. या बाकीच्या काड्यांना तार नाही. त्या आलेली लहर झेलतात आणि पुन्हा सोडतात. लांबी आणि अंतर असे बेतलेले असते, की समोरून आलेल्या लहरी मुख्य काडीपाशी लेझमीच्या पावलांसारख्या एका ठेक्यात पडाव्यात आणि मागून येणाऱ्यांचा ठेका चुकून त्यांनी एकमेकींना खोडावे.

मौज अशी की, १९४२ साली सिंगापूर जिंकल्यावर जपान्यांच्या हाती ब्रिटिशांच्या रडारची टिपणे लागली. त्यांत ‘यागी’ हा शब्द वारंवार येई, पण त्याचा अर्थ कुणाला लागेना. अखेर एका युद्धकैद्यानेच सांगितले, की हे तुमच्याच प्राध्यापकांचे नाव!

आपल्या पुणे जिल्ह्यात तर ही विद्या त्याहून जुनी. १९२७ साली विलायतेशी बिनतारी तारायंत्राची ‘बीम’ सेवा सुरू झाली, तेव्हा संदेश पाठवण्याचे केंद्र खडकीला होते आणि घेण्याचे दौंडला. उंच खांबांवर टांगलेले तारांचे पडदे आपला झोत थेट इंग्लंडच्या रोखाने धरीत. आणि आज नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या दुर्बिणीच्या तीस थाळ्या आहेत, प्रत्येक ४५ मीटर व्यासाची. त्या पत्र्याच्या नाहीत, तारेच्या जाळीच्या आहेत. कारण लहरीच्या मानाने भोके बारीक असली, की लहरीला जाळी म्हणजे भिंतच. त्या सगळ्या एकाच ताऱ्याकडे तोंड वळवतात, तेव्हा फार दूरची अगदी क्षीण कुजबुजही कानी येते.

सिंहगडावरून येणाऱ्या चित्रांचे दिवस सरले. मार्गासनीच्या छपरांवर आता वाटोळ्या थाळ्या दिसतात. त्यांतल्या दूरदर्शनच्या मोफत थाळीचे तोंड आग्नेयेला, छत्तीस हजार किलोमीटरवरच्या उपग्रहाकडे. चित्र ठणठणीत येते. आजीला ओरडावे लागत नाही.

पण पितळी ताटाच्या मागचा काळोख मला एका विद्यार्थ्याने दाखवला. २०२० च्या टाळेबंदीत मी मोबाइलवरून मराठीचे तास घेत असे. मार्गासनीपलीकडच्या एका वाडीतला मुलगा हजेरीला उत्तर देईना. महिनाभर मी त्याला गैरहजर मांडले. कॉलेज उघडल्यावर तो भेटला, तेव्हा त्याने एवढेच सांगितले, “सर, मी रोज टेकाडावर चढत होतो. तुमचा आवाज यायचा, माझा पोचायचा नाही.”

पुढे मी त्याच्याबरोबर त्या टेकाडावर गेलो. मोबाइलच्या टॉवरवर उभट पेट्या असतात, बहुधा तीन बाजूंना. एकेकीने वर्तुळाचा तिसरा हिस्सा सांभाळायचा. तिघींचे वर्तुळ कागदावर पुरे होते. पण टॉवर उभा राहतो रस्ता आणि मोठी वस्ती पाहून, पेट्यांचे तोंडही तिकडेच, आणि वाडीच्या आड तर डोंगराची सोंड. टॉवरचा दांडगा आवाज सोंड ओलांडून टेकाडापर्यंत कसाबसा येई. मुलाच्या खिशातल्या यंत्राचा मात्र इतका लहान, की अर्ध्या वाटेतच विरे.

परत आल्यावर मी हजेरीचे जुने पुस्तक काढले आणि त्या महिन्यातल्या त्याच्या नावापुढच्या फुल्या एकेक करून खोडल्या. उपयोग काहीच नव्हता. वर्ष उलटून गेले होते. पण तो हजर होता. तोंड दुसरीकडे होते ते आमचे.