मावळ्ळीची इडली आणि तोट्याचा हिशेब

गुलाबजामच्या पिठाचे एमटीआरचे पाकीट आज कितीतरी मराठी घरांत सणावाराला फोडले जाते. ही तीन अक्षरे बंगळूरच्या ‘मावळ्ळी टिफिन रूम्स’ या उपाहारगृहाची, हे पुष्कळांना ठाऊक नसते. हॉटेल चालवणे अशक्य झाले म्हणून पाकिटांचा धंदा उभा राहिला, हे तर त्याहून थोड्यांना!

उडुपीकडच्या परंपळ्ळी गावचे मैय्या बंधू मूळचे आचारी. बंगळुरात बड्या घरांतून स्वयंपाक करता करता 1924 साली त्यांनी ‘ब्राह्मिन कॉफी क्लब’ काढला. पाटीवर जात मिरवायची तेव्हा रीतच होती. आपल्याकडच्या पाट्या काही वेगळ्या नव्हत्या. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेला, तिकडचा तांदूळ थांबला. तांदळावाचून इडली करायची कशी? मैय्यांनी रवा घेतला, दही घातले, वर काजू खोवला. रवा इडली जन्मली ती अशी, असे एमटीआरवाले अभिमानाने सांगतात. टंचाईने आपल्या ताटात घातलेली ही भर फारशी कुणाला आठवत नाही.

यज्ञनारायण मैय्या 1951 मध्ये युरोपात जाऊन आले. तिथल्या उपाहारगृहांची स्वच्छता पाहून आल्यावर त्यांनी भांडी वाफेने निर्जंतुक करायला सुरुवात केली आणि गिऱ्हाइकाला थेट मुदपाकखाना पाहू दिला. ‘क्लब’ जाऊन ‘मावळ्ळी टिफिन रूम्स’ हे नाव आले तेही या प्रवासानंतरच. आत काय शिजते ते दाखवायची छाती आजही किती हॉटेलवाल्यांना आहे?

खरी कसोटी पुढेच होती. 1975 साली आणीबाणी आली आणि खाद्यपदार्थांचे भाव सरकारने खाली बांधून दिले. तूप, उडीद, कॉफी यांचा भाव बाजार ठरवणार आणि दोशाचा भाव मात्र सरकार! ज्याची नोकरी बँकेत कर्जाचे प्रस्ताव वाचण्यात गेली, त्याला हे गणित चटकन कळते. अशा वेळी धंदेवाईक माणूस तुपाच्या जागी डालडा आणतो, दोसा पातळ करतो. मैय्यांनी तसे केले नाही. ठरलेल्या भावाने माल द्यायचा आणि दर्जा राखायचा, म्हणजे रोजचा तोटा. तो सोसवेना तेव्हा त्यांनी हॉटेलला कुलूप लावले. पण कामगारांचे काय? त्यांच्या हातांना काम हवे म्हणून मसाले आणि तयार पिठे पाकिटांत भरून विकायला सुरुवात झाली. हॉटेल पुन्हा उघडले ते पुढे 1980 नंतर.

मग पाकिटांनी हॉटेलला मागे टाकले. 1990 नंतरच्या दशकात कुटुंबात वाटण्या झाल्या. मसाल्यांचा धंदा एकीकडे, उपाहारगृह दुसरीकडे. 2007 मध्ये ‘एमटीआर फूड्स’ नॉर्वेच्या ऑर्क्ला कंपनीने घेतली. म्हणजे आपल्या डब्यातला सांबार मसाला नॉर्वेच्या मालकीचा झाला. लालबाग रोडवरचा दोसा मात्र मैय्यांचाच राहिला. माझ्या मते वाट्याला आलेली चांगली बाजू तीच, भले ताळेबंद काहीही म्हणो.

हेमामालिनी मैय्या आणि त्यांचे भाऊ, ही पुढची पिढी आता ते सांभाळते. शाखा पार सिंगापूरला गेल्या. जुन्या जागी रविवारी सकाळी अजून नाव लिहून ताटकळावे लागते, आणि अनोळखी माणसांच्या टेबलावर बसून चांदीच्या पेल्यातली कॉफी प्यावी लागते.