युरोपच्या रस्त्यांवरील शीघ्र चार्जिंग केंद्रे

विजेवर चालणाऱ्या मोटारीविषयी बोलणे निघाले, की पहिला प्रश्न ठरलेला असतो : वाटेत वीज संपली तर? प्रश्न रास्त आहे. युरोपात गेली दहाबारा वर्षे त्याचे उत्तर हमरस्त्यांवर उभे राहत आहे.

प्रथम थोडा हिशेब करू. एक किलोवॅट शक्तीने तासभर वीज घेतली म्हणजे एक युनिट, हे आपल्या घरच्या बिलावरून वाचकांच्या ओळखीचे आहेच. मध्यम मोटारीस १०० किलोमीटरला साधारण १८ ते २० युनिटे लागतात. घरातील साध्या प्लगमधून दोनेक किलोवॅट मिळतात; म्हणजे ५० युनिटे भरण्यास अख्खा दिवस गेला. १५० किलोवॅटचे यंत्र तेवढीच वीज २० मिनिटांत देऊ शकते. चहा होईतो अडीचशे किलोमीटरची तजवीज!

हे साधते कसे? तारांतून येणारा प्रवाह सारखी दिशा बदलणारा असतो, बॅटरीला मात्र एकदिश प्रवाहच लागतो. हे रूपांतर करणारे उपकरण गाडीत असते, पण ते लहान. शीघ्र केंद्रात तेच काम बाहेरच्या कपाटाएवढ्या यंत्रात होते आणि वीज थेट बॅटरीत जाते. तरी बॅटरी शेवटपर्यंत एकाच वेगाने भरत नाही. नाटकगृहात लवकर आलेल्यास हवी ती खुर्ची मिळते. उशिरा येणाऱ्यास लोकांचे पाय चुकवीत जागा शोधावी लागते, तसेच काहीसे येथे घडते. ८० टक्क्यांपुढे वेग इतका मंदावतो, की जाणते प्रवासी तेथेच थांबून पुढची वाट धरतात. अर्थात पुढचे केंद्र फार दूर नसेल, तरच हे परवडते.

आरंभी मोठी अडचण होती. केंद्रे नाहीत म्हणून गाड्या कोणी घेईना, आणि गाड्या नाहीत म्हणून केंद्रे कोणी बांधीना. टेस्लाने २०१३ साली नॉर्वेत आपली युरोपातील पहिली केंद्रे उघडली, ती फक्त स्वतःच्या गाड्यांसाठी. नेदरलँड्समध्ये २०१२ साली स्थापन झालेल्या फास्टनेडने पिवळ्या छपरांची केंद्रे सर्वांसाठी बांधली. २०१७ साली बी.एम.डब्ल्यू., डाइमलर, फोर्ड व फोक्सवॅगन या एरवीच्या प्रतिस्पर्ध्यांनी मिळून ‘आयोनिटी’ काढली. नॉर्वेत २०२४ साली विकल्या गेलेल्या दर दहा नव्या मोटारींपैकी जवळजवळ नऊ विजेच्या होत्या.

परंतु आमच्या मते खरा तिढा यंत्राचा नव्हताच. जपानी गाडीचा प्लग वेगळा, टेस्लाचा वेगळा, जर्मन गाडीचा तिसराच. युरोपीय संघाने २०१४ साली एक समान प्लग ठरवून दिला, तेव्हा ही भानगड हळूहळू मिटू लागली. मग पैशाचा प्रश्न आला. प्रत्येक कंपनीचे कार्ड निराळे. म्हणजे पाणपोई रस्त्यावर, पण पेला सभासदांनाच! संघाचा २०२३ चा नियम १३ एप्रिल २०२४ पासून लागू झाला. त्यानुसार ५० किलोवॅट व त्यावरील नव्या केंद्रांवर साध्या बँक कार्डाने पैसे देता आले पाहिजेत आणि युनिटचा दर स्पष्ट दिसला पाहिजे.

त्याच नियमाने अंतरही बांधून दिले. प्रमुख महामार्गांवर प्रत्येक दिशेस दर ६० किलोमीटरला एकूण ४०० किलोवॅटचे केंद्र २०२५ अखेरपर्यंत असावे. २०२७ अखेरपर्यंत हीच शक्ती ६०० किलोवॅट व्हावी. शेरशहाच्या दर दोन कोसांवरील सराया आम्ही इतिहासाच्या तासाला शिकवितो. हा दंडक त्याच जातीचा. ज्या रस्त्यांवर रोज ८,५०० हून कमी हलकी वाहने जातात, तेथे दोन्ही दिशांस मिळून एक केंद्र चालते, पण रस्ता अगदी वगळता येत नाही. नफ्यावरच सोडले असते, तर अशा वाटा कोरड्याच राहिल्या असत्या. जर्मन सरकारनेही २०२३ साली हजाराहून अधिक जागांसाठी कंत्राटे दिली, ती मुख्यतः अशाच उणिवा भरून काढण्यासाठी.

अजून दोन अडचणी उरतात. ३०० किलोवॅटची दहा यंत्रे एकदम चालू झाली, तर ३,००० किलोवॅट लागतात. तेवढी वीज गावाबाहेरच्या माळावर आणायची, तर नवे ट्रान्सफॉर्मर, जाड केबली आणि परवानग्यांची प्रतीक्षा आलीच. नेदरलँड्समध्ये तर वीजजाळेच तुडुंब भरले आहे. काही ठिकाणी म्हणून केंद्रातच मोठ्या बॅटऱ्या बसवितात व त्या सावकाश भरून ठेवतात.

दुसरी अडचण दराची आहे. शीघ्र केंद्रावरील युनिट घरच्यापेक्षा बरेच महाग पडते. स्वतःचे अंगण असलेला मनुष्य रात्री घरीच स्वस्तात गाडी भरतो. तिसऱ्या मजल्यावरील भाडेकरूची गाडी मात्र रस्त्यावर उभी असते आणि त्याला पुष्कळदा ही महाग वीजच घ्यावी लागते.