फिल्टरवर पंखा की पेल्टियर? उन्हाळ्यातल्या फिशटँक सर्व्हिसचा खरा हिशेब



मार्च लागला की विदर्भ-मराठवाड्यातल्या ॲक्वेरियम दुकानात एकच तक्रार येते. मासे वर येऊन तोंड उघडतायत, खात नाहीत, दोन मेले. कारण साधं आहे. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो. २५ अंशाला लिटरमध्ये साधारण ८.२ मिलिग्रॅम, ३५ अंशाला जेमतेम ७. आणि त्याच वेळी माशाची ऑक्सिजनची गरज वाढते. गोल्डफिशला तर २४ अंशांच्या खालचं पाणी आवडतं, आपल्याकडे मे महिन्यात नळाचं पाणीच तेवढं थंड नसतं.

म्हणजे गिऱ्हाईक आहे, अडचण खरी आहे, पैसे द्यायची तयारी आहे. मग विकायचं काय? इथेच बरेच जण गडबडतात.

व्हिडिओ बघून पोरं थेट पेल्टियर घ्यायला धावतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत ती चार सेंटिमीटरची पांढरी चौकोनी चकती मिळते. टीईसी१-१२७०६ नाव. १२ व्होल्ट दिले की एक बाजू थंड, दुसरी गरम. फिल्टरच्या पाइपला वॉटर ब्लॉक जोडला, चकती चिकटवली, मागे हीटसिंक आणि पंखा लावला, की झाला चिलर! दिसतो भारी. गिऱ्हाइकाला दाखवायलाही भारी.

आता हिशेब करू. दोन फूट बाय एक बाय एकचा टँक, पाणी साधारण ५० लिटर. एवढं पाणी एक अंश थंड करायला ५८ वॅट-तास उष्णता काढावी लागते. चकती वीज खाते ५०-६० वॅट, आणि प्रत्यक्ष वापरात पाण्यातून ओढते २० ते ३० वॅट. म्हणजे एका अंशाला सव्वादोन तास. तेही बाहेरून उष्णता अजिबात येत नाही असं धरून! खोलीत ३८ अंश असताना काचेतून ती सारखी आत येतच असते. शिवाय टँकमधल्या फिल्टरची मोटर पाण्यात बुडालेली असेल तर तिची जवळपास सगळी वीज शेवटी पाण्यातच उष्णता होऊन उतरते. मोटरवरचे वॅट वाचा. २५ वॅट लिहिलंय? मग तुमची चकती दिवसभर फक्त मोटरशी कुस्ती खेळणार. अशा घरी आधी कमी वॅटचा फिल्टर विका, तोच पहिला कूलर.

दुसरी गोष्ट, ओढलेली उष्णता आणि खाल्लेली वीज मिळून ८० वॅटच्या आसपास गरमी चकती त्याच खोलीत सोडते. आणि वॉटर ब्लॉक तांब्याचा असेल तर कोळंबी आणि गोगलगायींना तांबं विष आहे. दहा लिटरच्या छोट्या टँकसाठी, एक-दोन अंशांसाठी पेल्टियर चालेल. दोन फुटीसाठी मी तरी विकणार नाही.

मग पर्याय? आपल्या घरातच उभा आहे. डेझर्ट कूलर! माठाचंही तेच. पाणी उडतं, जाताना उष्णता घेऊन जातं. एक लिटर पाणी उडायला साधारण २,४०० किलोज्यूल लागतात. दिवसाला टँकमधून एक लिटर उडालं, तर सरासरी २८ वॅट उष्णता चोवीस तास बाहेर पडली. जे काम चकती ५०-६० वॅट खाऊन करते, ते कॉम्प्युटरचा १२० मिलिमीटरचा पंखा दोन-तीन वॅटमध्ये करतो.

आणि जागा कुठली? फिल्टर! वरच्या ट्रेमधून पाणी स्पंजवर पडतं तो ओव्हरहेड फिल्टर म्हणजे तर कूलरची ओली ताटीच. ट्रेचं झाकण काढा, पंखा तिरका बसवा, वारा ओल्या स्पंजवरून जाऊ द्या. काचेला टांगायच्या फिल्टरला पाणी पातळ पडद्यासारखं पडतं, त्यावर वारा सोडा. टँकच्या आतला फिल्टर असेल तर त्याचं तोंड वर करून पृष्ठभाग हलता ठेवा आणि पंखा पाण्यावर तिरका मारा. झाकण उघडं राहणार, म्हणून वर जाळी हवीच, मासे उड्या मारतात.

पंखा सारखा चालू नको. डब्ल्यू१२०९ नावाचं १२ व्होल्टचं थर्मोस्टॅट बोर्ड मिळतं. पी० मध्ये सी म्हणजे कूलिंग मोड, पी१ मध्ये एक अंशाचा फरक ठेवा. सेन्सर फिल्टरच्या धारेपासून लांब. एकाच दिवशी पाच अंश उतरवू नका, सेटिंग रोज एकेक अंशाने खाली आणा. ॲडॅप्टर टँकच्या पातळीपेक्षा वर, आणि वायरला प्लगच्या आधी खाली झोल द्या, म्हणजे ओघळणारं पाणी तिथेच टपकेल.

आता धंद्यातली मेख. हे नागपूरला चालतं, मुंबईला फसतं. कूलर मुंबईत का चालत नाही, तेच कारण. म्हणून ऑर्डर घेण्याआधी ओल्या चिंधीची टेस्ट करा. डिजिटल थर्मामीटरच्या टोकाला ओली सुती चिंधी गुंडाळा, त्याच खोलीत, दुपारी, पंख्यासमोर पाच मिनिटं धरा. जो आकडा येईल त्याच्या खाली पाणी कधीच जाणार नाही. ४२ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर चिंधी २२ च्या आसपास दाखवते. मस्त, ऑर्डर घ्या. ३३ अंश आणि ७० टक्के असेल तर २८. तिथे गिऱ्हाइकाला २६ हवं असेल तर स्पष्ट सांगा, "दादा, पंख्याने होणार नाही." त्याला कॉम्प्रेसरचा चिलर किंवा खोलीचा एसी लागेल. ही टेस्ट गिऱ्हाइकासमोरच करा, त्याच्यासारखं सेल्स टूल नाही. खोलीत कूलर चालू असेल तर तो चालू ठेवूनच करा, नाहीतर आकडा खोटा येईल.

भाव तुमच्या गावात विचारा, मी हिशेबापुरते धरतो. साहित्य ९०० रुपये, तुम्ही घेतले १,८००. उरले ९००. त्यात एक फेरी बसवायची, एक फेरी आठवड्याने तपासायची. दुकानदाराने गिऱ्हाईक पाठवलं तर त्याचे २०० द्या, खळखळ नको. राहिले ७०० आणि त्यातून पेट्रोल. तिसरी फेरी लागली की मार्जिन संपलं! म्हणून एकाच सोसायटीतली, एकाच रस्त्यावरची कामं एका दिवसात बांधा. पावती लिहिताना "पाणी २६ अंश राहील" असं कधीच लिहू नका. "टेस्टच्या दिवशीचा चिंधीचा आकडा अमुक, खोली अमुक, बसवल्यावर टँक अमुक" एवढंच लिहा आणि सही घ्या.

तिसरी फेरी बहुतेक वेळा पाण्याच्या पातळीमुळे लागते. पाणी उडालं की फिल्टर हवा ओढतो, आवाज करतो, मोटर कोरडी पडते. बसवतानाच काचेवर मार्करने रेघ मारा आणि घरातल्या ताईंना किंवा मुलाला दाखवा, रोज सकाळी रेघेपर्यंत भरायचं. भरायचं ते आरओचं पाणी. पाणी उडतं पण क्षार मागेच राहतात, वरून बोअरचं जड पाणी टाकत गेलात तर महिनाभरात क्षार वाढत जातात. दर आठवड्याचा पाणीबदल मात्र नेहमीसारखाच, नेहमीच्या पाण्याने.