मोईझ यांची फुंकर

अमेरिकेच्या ईशान्येकडच्या व्हरमाँट या डोंगराळ राज्यात मार्लबोरो नावाचं छोटं गाव आहे. दर उन्हाळ्यात साधारण सात आठवडे जगभरचे वादक तिथे मुक्काम ठोकतात. १९५१ मध्ये पियानोवादक रुडॉल्फ सर्किन, व्हायोलिनवादक अडोल्फ बुश आणि त्यांचे चेलोवादक भाऊ हरमन यांनी हा महोत्सव सुरू केला. त्यांच्यासोबत संस्थापक म्हणून एक अख्खं फ्रेंच कुटुंब उभं राहिलं : बासरीवादक मार्सेल मोईझ, त्यांचा मुलगा लुई आणि सून ब्लांश. पाश्चात्त्य बासरीच्या गेल्या शतकाच्या इतिहासात या गावाचं नाव घ्यावंच लागतं, ते मोईझ यांच्यामुळे.

आपल्या बासरीत बोटं थेट भोकांवर पडतात. युरोपातल्या बासरीला १८४७ मध्ये थिओबाल्ड बोम यांनी धातूची सरळ नळी आणि चाव्यांची यंत्रणा दिली, त्यामुळे बोटांचं काम वेगळं झालं. ओठांचं काम मात्र दोन्हीकडे सारखंच अवघड. हवेची बारीक धार मुखरंध्राच्या पलीकडच्या कडेवर आपटते आणि तिथे सूर जन्मतो. धारेचा कोन जरा हलला की सुराचा रंग बदलतो.

मोईझ यांनी आयुष्यभर याच जागेवर काम केलं. ते १८८९ मध्ये फ्रान्सच्या ज्युरा भागात जन्मले, पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटॉरमध्ये पॉल ताफानेल यांच्याकडे शिकले आणि पुढे १९३२ पासून तिथेच शिकवू लागले. ‘दे ला सोनोरिते’ हे त्यांचं १९३४ चं पुस्तक आजही बासरी शिकणाऱ्यांच्या स्टँडवर असतं. त्यातला पहिलाच अभ्यास पाहा. मधल्या सप्तकातला एक सूर लांबवायचा आणि त्याच श्वासात अर्ध्या स्वराने खाली उतरायचं. मग त्या खालच्या सुरावरून पुन्हा अर्धा स्वर खाली. लिहिलेलं दिसायला एवढंच. पण नवा सूर आधीच्याइतकाच भरीव आणि तेजस्वी हवा. उतरताना आवाजाला कुठेही सांधा दिसता कामा नये. यात विद्यार्थ्याचे महिनोन् महिने जातात. पहाटे उठून खर्ज भरणाऱ्या आपल्या गायकाला हे सांगायला नको.

मोईझ यांचे खरे गुरू मला गायकच वाटतात. पॅरिसच्या ऑपेरा-कॉमिकच्या वाद्यवृंदात त्यांनी अनेक वर्षं काढली आणि १९१३ मध्ये नेली मेल्बा या गायिकेबरोबर अमेरिकेचा दौरा केला. शिष्यांकडून ते ऑपेरातली गाणी बासरीवर वाजवून घेत. गायकी अंगाने बासरी वाजवण्याचीच ही फ्रेंच वाट.

मार्लबोरोत या शिकवण्याला वेगळंच बळ मिळालं. तिथे मुरलेला कलावंत आणि विशी-पंचविशीतला वादक एकाच रचनेत शेजारी बसून वाजवतात. वेगळा वर्ग नसतो, तालमीतच शिकणं होतं. मोईझ वायुवाद्यांच्या चमूंची तालीम घेत. ताफानेल यांच्या वायुवाद्यांच्या मंडळीसाठी संगीतकार शार्ल गुनो यांनी १८८५ मध्ये ‘पेतीत सिंफनी’ (छोटी सिंफनी) रचली होती. तिची जाण मोईझ थेट गुरूकडून घेऊन आलेले. छापील स्वरलिपीत न मावणारं असं काही पुढच्या पिढीला द्यायचं तर उन्हाळाभराचा सहवासच लागतो, एखाद्या तासाच्या कार्यशाळेत ते होत नाही, असं माझं ठाम मत आहे.

पॉला रॉबिसन ही तरुण अमेरिकन मुलगी इथे मोईझ यांच्याकडे शिकली आणि १९६६ मध्ये जिनिव्हाच्या स्पर्धेत बासरीचं पहिलं पारितोषिक मिळवणारी पहिली अमेरिकन ठरली. जेम्स गॉलवे, विल्यम बेनेट, ट्रेव्हर वाय हेही मोईझ यांचे शिष्य. वाय यांनी पुढे इंग्लंडमध्ये स्वतःची उन्हाळी बासरीशाळा चालवली. मोईझ १९८४ मध्ये, वयाच्या ९५ व्या वर्षी, मार्लबोरोजवळच्या ब्रॅटलबोरोत वारले.

मार्लबोरोचं वातावरण आजही मोकळं आहे. जेवणघरात कागदी रुमालांचे गोळे करून एकमेकांवर फेकायची जुनी प्रथा आहे आणि त्यातून ज्येष्ठही सुटत नाहीत. तालमी मात्र कसून चालतात. बसवायला घेतलेल्या रचनांपैकी थोड्याच रसिकांसमोर येतात, कारण वादकांना ती तयार वाटली तरच रचना मंचावर जाते. त्यामुळे शनिवार-रविवारच्या मैफलीत काय वाजणार, हे जेमतेम आठवडाभर आधी ठरतं. लोक तिकिटं मात्र त्याच्या कितीतरी आधी काढून ठेवतात.