‘साठी’चे इंग्रजी करताना

आरंभीच कबूल करतो की मी इंग्रजीचा पंडित नव्हे. दहावीपर्यंतचे माझे सारे शिक्षण मराठी शाळेत झाले. कॉमर्सला आलो तेव्हा ‘येणे’ आणि ‘देणे’ यांची इंग्रजी नावे पाठ करण्यातच पहिले सहा महिने गेले. असे असूनही इंग्रजी व्याकरणावर चार शब्द लिहिण्याचे धाडस करतो आहे. कारण एकाच जातीच्या प्रश्नात मी इतके गुण घालवले आहेत, की त्या प्रश्नाची खोड आता मला चांगली कळली आहे. जो खड्ड्यात पडतो त्यालाच खड्डा नेमका कुठे आहे ते ठाऊक असते!

प्रश्न असा असतो : ‘हेतू दर्शवणारा योग्य शब्दप्रयोग निवडा.’ पुढे एक रिकामी जागा आणि खाली पर्याय : टू, फॉर, सो दॅट, लेस्ट. गेल्या वर्षीच्या चाचणीत अशा दहा जागा होत्या. त्यांपैकी माझ्या तीन बरोबर आल्या. शेवटी स्वतःच्या घराविषयी एक हेतुदर्शक वाक्य लिहायचे होते. माझी आई लोकांचे कपडे शिवते आणि त्यावर माझी फी भरते. ‘मी शिकावे म्हणून आई कपडे शिवते’ हे वाक्य मी मनात जुळवले आणि कागदावर लिहिले : ‘माय मदर स्टिचेस क्लोद्ज टू स्टडी.’ सरांनी त्याखाली तांबडी रेघ ओढून बाजूला विचारले होते, ‘शिकते कोण? आई की तू?’

त्या एका प्रश्नाने माझे डोळे उघडले. माझ्या वाक्याचा अर्थ ‘आई स्वतः शिकण्यासाठी कपडे शिवते’ असा होत होता. ज्याच्यासाठी ती राबते तो मीच वाक्यातून गळालो होतो.

गमतीची गोष्ट अशी की माझ्या बाकावर बसणारा मित्र कन्नड शाळेतून आलेला, आणि त्याचीही चूक जवळजवळ तीच. तेव्हा आम्ही दोघांनी कँटीनमध्ये बसून दोन्ही भाषा शेजारी शेजारी मांडून पाहिल्या. आपण म्हणतो ‘बघायला’, ते म्हणतात ‘नोडलिक्के’. आपला ‘ला’ चतुर्थीचा, त्यांचा ‘क्के’ही चतुर्थीचाच. आपण म्हणतो ‘मुलगा शिकावा म्हणून’, ते म्हणतात ‘मग कलियलि अंत’. (कन्नडमध्ये ‘मग’ म्हणजे मुलगा.) आपले ‘म्हणून’ हे ‘म्हणणे’ या क्रियापदापासून आलेले, आणि त्यांचे ‘अंत’ही ‘म्हणणे’ याच अर्थाच्या ‘अन्नु’पासून आलेले! दोन भाषांची कुळे वेगळी, पण शेजार शेकडो वर्षांचा. त्यामुळे हेतू सांगण्याची रीतही सारखी झाली आहे. इंग्रजी मात्र या शेजारात वाढलेली नाही. तिथे ‘म्हणून’ला सरळ एकच प्रतिशब्द नाही, आणि आपण गडबडीत ‘साठी’ दिसला की ‘फॉर’ ठेवून मोकळे होतो.

यावर उपाय काय? मराठी विसरून जाणे हा उपाय नव्हे. मराठी वाक्य नीट पाहिले तर बरेचसे उत्तर त्यातच सापडते. चार प्रकार पाहू.

पहिला प्रकार, ‘साठी’च्या आधी नाम. ‘मी कर्जासाठी बँकेत गेलो.’ इथे ‘फॉर’ अगदी योग्य : ‘आय वेंट टू द बँक फॉर अ लोन.’

दुसरा प्रकार, ‘साठी’च्या आधी क्रियापद आणि दोन्ही क्रियांचा कर्ता एकच. ‘मी खाते उघडण्यासाठी बँकेत गेलो.’ गेलो मी, उघडणार मीच. इथे ‘टू’ आणि क्रियापदाचे मूळ रूप : ‘आय वेंट टू द बँक टू ओपन ॲन अकाउंट.’ आपल्यापैकी बहुतेक जण ‘फॉर ओपनिंग’ लिहितात आणि गुण घालवतात. हेतूवर भर द्यायचा असेल तर ‘इन ऑर्डर टू’ किंवा ‘सो ॲज टू’ वापरावे, त्यांच्यापुढेही मूळ रूपच येते. मग ‘फॉर’ आणि ‘इंग’ची जोडी कधी चालते? एखाद्या वस्तूचा उपयोग सांगताना. ‘हे यंत्र नोटा मोजण्यासाठी आहे’ याचे ‘धिस मशीन इज फॉर काउंटिंग नोट्स’ हे बरोबर आहे. थोडक्यात, माणसाचा हेतू असेल तर ‘टू’, वस्तूचा उपयोग असेल तर ‘फॉर’ चालेल.

तिसरा प्रकार, कर्ते दोन. ‘मी शिकावे म्हणून आई कपडे शिवते.’ मराठीत इथे क्रियापद विध्यर्थी होते : शिकावे, यावे, मिळावे. हा ‘वा-वी-वे’ दिसला की ‘सो दॅट’ची आठवण झाली पाहिजे. त्यानंतर नवा कर्ता आणि कॅन, विल किंवा मे. मुख्य क्रिया भूतकाळी असेल तर कुड, वुड किंवा माइट. ‘शी स्टिचेस सो दॅट आय कॅन स्टडी’, पण ‘शी स्टिच्ड सो दॅट आय कुड स्टडी’. कर्ता एकच असतानाही ‘सो दॅट’ चालते. ‘ही वर्क्स हार्ड सो दॅट ही मे पास’ हे शुद्ध वाक्य आहे. म्हणून परीक्षेत रिकाम्या जागेनंतर काय आले आहे ते आधी पाहावे. नुसते क्रियापद असेल तर ‘टू’. कर्त्यासकट पुरे वाक्य असेल तर ‘सो दॅट’.

इथे एक सावधगिरी. ‘म्हणून’ दोन कामे करते. ‘पाऊस आला म्हणून थांबलो’ यात कारण आहे, हेतू नाही. त्याचे इंग्रजी ‘बिकॉज’ने होईल. ‘वा-वी-वे’ किंवा ‘नये’ नंतर आलेले ‘म्हणून’ तेवढे हेतूचे. तसेच ‘सो’ आणि ‘दॅट’ यांच्यामध्ये शब्द शिरला की अर्थ बदलतो. ‘ही स्पोक लाउडली सो दॅट ऑल कुड हिअर’ म्हणजे सर्वांना ऐकू यावे म्हणून तो मोठ्याने बोलला. ‘ही स्पोक सो लाउडली दॅट ऑल हर्ड’ म्हणजे तो इतक्या मोठ्याने बोलला की सर्वांना ऐकू गेले. पहिल्यात हेतू आहे, दुसऱ्यात परिणाम.

चौथा प्रकार, ‘नये म्हणून’. ‘विसरू नये म्हणून त्याने नंबर लिहून ठेवला.’ इथे नुसते ‘नॉट टू फर्गेट’ लिहून भागत नाही. ‘सो ॲज नॉट टू फर्गेट’ किंवा ‘इन ऑर्डर नॉट टू फर्गेट’ लिहावे लागते. याच घरातला जुना पाहुणा म्हणजे ‘लेस्ट’. बोलण्यात तो आता क्वचितच भेटतो, पण परीक्षकांचा फार लाडका. ‘लेस्ट’च्या पोटातच ‘नये’ असते. म्हणून त्यानंतर पुन्हा ‘नॉट’ घालू नये, आणि क्रियापदाआधी ‘शुड’ घ्यावे : ‘वॉक केअरफुली लेस्ट यू शुड फॉल.’ ‘इन केस’ वेगळे आहे. ‘पाऊस आलाच तर असू दे’ अशी तयारी त्यात असते, आणि त्यानंतर साधा वर्तमानकाळ येतो : ‘टेक ॲन अम्ब्रेला इन केस इट रेन्स.’ इथे ‘विल रेन’ लिहिले की गुण गेला.

आम्हा कॉमर्सवाल्यांसाठी आणखी एक सापळा आहे. व्यापारी पत्रांत ‘विथ अ व्ह्यू टू’ वारंवार येते. ‘टू’ दिसला की आपला हात मूळ रूपाकडे जातो. पण हा ‘टू’ शब्दयोगी आहे, म्हणून त्यापुढे ‘इंग’ हवे : ‘विथ अ व्ह्यू टू एक्स्पांडिंग द बिझनेस.’

आता चार जागा स्वतः भरून पाहा :

१. शी ओपन्ड द विंडो ——— लेट इन सम एअर.
२. ही वेंट टू द पोस्ट ऑफिस ——— स्टॅम्प्स.
३. स्पीक लाउडली ——— द लास्ट बेंच कॅन हिअर यू.
४. वुई वॉक्ड स्लोली ——— वेक द बेबी.

उत्तरे क्रमाने अशी : टू, फॉर, सो दॅट, सो ॲज नॉट टू. चारही बरोबर आली असतील तर हा लेख तुमच्यासाठी नव्हता असे समजा, आणि एखाद्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला वाचायला द्या.

बँकांच्या कारकुनी परीक्षांतही इंग्रजीचा भाग असतो. तिथे एकेका गुणावर नोकरी अडते. अशा वेळी ‘मराठी शाळेतली मुले, त्यांचे इंग्रजी कच्चेच असणार’ असे सरसकट ऐकवले जाते, आणि आपणही ते मुकाट्याने ऐकून घेतो. मला आता तसे वाटत नाही. शिकण्यासाठी, शिकावे म्हणून, चुकू नये म्हणून, हे भेद आपण लहानपणापासून न चुकता बोलत आलो आहोत. हाच कान इंग्रजी वाक्य लिहिताना जागा ठेवला, आणि कोण करतो, कोणासाठी करतो, व्हावे म्हणून की होऊ नये म्हणून, एवढे स्वतःला विचारले, तर निम्मी लढाई तिथेच जिंकली. माझा कन्नड मित्रही त्याच्या भाषेतून हेच प्रश्न विचारतो आणि त्याच उत्तराला पोहोचतो.

चाचणीनंतर मी ते वाक्य सुधारून वहीत लिहिले : ‘माय मदर स्टिचेस क्लोद्ज सो दॅट आय कॅन स्टडी.’ घरी आईला वाचून दाखवले आणि आधी काय चुकले होते तेही सांगितले. मशीन न थांबवता ती म्हणाली, “पुढच्या खेपेला चुकणार नाहीस ना? मग झालं.”

पुढच्या चाचणीत दहापैकी नऊ आले. एक गुण ‘लेस्ट’ने खाल्ला. मी त्यानंतर ‘नॉट’ लिहिले होते.